बर्सरीचे पैसे आणि बुटांपुढचं प्रश्नचिन्ह

"ताई, हे पैसे मी माझ्यासाठी वापरले तर चालतील ना?" हे पैसे म्हणजे बर्सरी, शिकणाऱ्याला मिळणारी, परत न करायची मदत. मी समुपदेशक आहे आणि गेल्या तीन-चार वर्षांत हे इतक्या वेळा ऐकलंय की समोरची बाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसली की मला कळतं, आता येणार तो प्रश्न. विचारणाऱ्या बहुतेक चाळिशीच्या आसपासच्या, इंग्लंडात दहा-पंधरा वर्षं काढलेल्या, मुलं जरा मोठी झाल्यावर पुन्हा युनिव्हर्सिटीत गेलेल्या. (इथे एकविशीनंतर डिग्रीला बसलं की मॅच्युअर स्टुडंट म्हणतात, त्या हिशोबाने माझ्या क्लायंट डबल मॅच्युअर.)

त्यातली एक सांगते, तिला विचारून आणि तपशील बदलून. वैशाली म्हणू. वय ४३, मूळची साताऱ्याकडची, स्लाउमध्ये घर, नवरा आयटीत, मुलगी दहा वर्षांची. सहा वर्षं केअर होममध्ये काम केलं, मग ॲक्सेस कोर्स (मोठेपणी डिग्रीच्या प्रवेशासाठी करतात तो) करून नर्सिंगला ॲडमिशन. नर्सिंगची जुनी बर्सरी २०१७ मध्ये नवीन विद्यार्थ्यांसाठी बंद झाली, पण सप्टेंबर २०२० पासून एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) लर्निंग सपोर्ट फंडातून वर्षाला ५,००० पाउंड मिळतात, पंधरा वर्षांखालचं मूल असेल तर वर २,०००, आणि लोक अजून त्याला बर्सरीच म्हणतात. लोनसारखी परतफेड नाही. गोची इथेच आहे. परत करायचे नाहीत म्हणजे फुकटचे आणि फुकटचे म्हणजे घराचे, हे आपल्या बायकांच्या डोक्यात कोण भरवतं माहीत नाही पण पक्कं बसलेलं असतं.

पहिली दोन सेशन मी वाया घालवली, कबूल करते. तुमचा हक्क आहे, स्वतःकडे बघा वगैरे सांगत राहिले, ती "बरोबर आहे ताई" म्हणायची आणि शनिवार-रविवार पुन्हा केअर होमच्या शिफ्टला हजर. आठवडाभर लेक्चर नाहीतर प्लेसमेंट (कोर्सचाच भाग असलेलं प्रत्यक्ष काम), वीकेंडला नोकरी, एक असाइनमेंट फेल, आणि निष्कर्ष काय तर "माझं वय झालं आता, डोकंच चालत नाही."

तिसऱ्या वेळी म्हटलं, पैशांची यादी करून आणा. मुलीच्या वहीचं पान, सात ओळी. बॉयलर. सासूबाईंचा गुडघा. इलेव्हन प्लसची (ग्रामर स्कूलच्या प्रवेशपरीक्षेची) ट्यूशन. दिवाळीची तिकिटं. गाडीचा इन्शुरन्स. दिरांना दिलेला शब्द. सगळ्यात खाली, 'शूज ३५?'

"हे प्रश्नचिन्ह कसलं?"

"प्लेसमेंटला लागतात, काळे, न घसरणारे. जुने आहेत तसे, चालतील."

"तिकिटांपुढे नाहीये प्रश्नचिन्ह."

"ती काढायलाच लागतात ना ताई."

"आणि दिवसभर वॉर्डात उभं राहायला बूट?"

गप्प झाली. खरं सांगू का, दुसऱ्या कुणी तिथे बजेट बनवायला घेतलं असतं, बॉयलर यंदा की पुढच्या वर्षी वगैरे. मी त्या प्रश्नचिन्हावर अर्धा तास बसून राहिले आणि ते बरोबर होतं असं आजही वाटतं. मी विवेकनिष्ठ पठडीतली, म्हणजे माणूस स्वतःवर जे 'हवंच' लादतो ते तपासणारी, त्यामुळे माझा कान 'च'वर असतो. मराठीत एका अक्षरात अख्खी जबरदस्ती मावते. काढायलाच लागतात, द्यायलाच हवेत, आणि स्वतःचं आलं की 'चालतील'.

मग मी विचारलं, तीन वर्षांत प्लेसमेंटचे तास किती? ते तिला तोंडपाठ, २,३००. "त्याचा पगार?" "नाही ना मिळत." "मग या बर्सरीला तासांनी भागा बघू." फोन काढला, मुलीचे २,००० धरायचे नाहीत असं तिनेच ठरवलं, १५,००० भागिले २,३००. साडेसहा पाउंड. पुन्हा केलं, पुन्हा साडेसहा. बराच वेळ स्क्रीनकडे बघत होती आणि मग एकदम म्हणाली (दर २०२५-२६ चा), "अहो, किमान वेतन १२.२१ आहे! केअर होममध्ये याच्या दुप्पट मिळतात मला. हे फुकटचे कुठे आहेत?"

ही ग्रँट म्हणजे काही पगार नाही, नियमात तसं कुठेही लिहिलेलं नाही, हे मलाही माहीत होतं. पण मी तिला अडवलं नाही, कारण त्या क्षणी तिला हक्काचं भाषण नको होतं, हिशोब हवा होता, आणि तो तिने स्वतः केला होता. ज्या घरात आईने दुधाचा हिशोब कॅलेंडरवर लिहिलाय तिथल्या मुलीला प्रेमाने सांगून पटत नाही, आकड्याने पटतं. हे मला त्या दिवशी नीट कळलं, इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर.

पुढचं सेशन फार सोपं गेलं. आता सगळ्यांना एकच प्रश्न देते, या पैशाने तुमचे कुठले तास मोकळे होतील? वैशालीने वीकेंडच्या शिफ्ट महिन्यातून एकीवर आणल्या, प्लेसमेंटच्या दिवसांसाठी आफ्टर स्कूल क्लब लावला, बूट घेतले. ट्यूशनही ठेवली, मुलीच्या २,००० मधून, त्याला माझी ना नव्हतीच.

बाकी व्यवहाराचं सांगायचं तर पैसे वर्षातून तीन हप्त्यांत येतात, आणि मोठा आकडा दिसला की घरात सगळ्यांना काहीतरी आठवतं, म्हणून वेगळ्या खात्यात टाका आणि दरमहा स्वतःला ठरावीक द्या, अगदी पगारासारखे. दरवर्षी नव्याने अर्ज करावा लागतो हे विसरू नका. आणि कोर्स मधेच सोडला तर जास्तीचे गेलेले पैसे परत मागतात, तेव्हा न आलेल्या हप्त्यावर कुणाला शब्द देऊ नका, दिरांना तर नाहीच. प्लेसमेंटला जाण्यायेण्याचा जादा खर्च वेगळा क्लेम करता येतो, त्याला मुदत असते, बसच्या पावत्या जपून ठेवा, कितीतरी जणी तो बर्सरीतूनच भागवतात आणि मग पुरत नाही म्हणतात. युनिव्हर्सिटीची स्वतःची बर्सरी असेल तर पत्रातल्या अटी वाचा, कळलं नाही तर तिथल्या मनी ॲडव्हाइसवाल्यांना विचारा, फुकट सांगतात (हे मात्र खरोखर फुकट). स्टुडंट व्हिसावर आलेल्यांना हा एनएचएसचा फंड मिळत नाही, तेही मला फार जणी विचारतात म्हणून सांगितलं.

सासूबाईंच्या गुडघ्याचं दोघा भावांनी मिळून बघितलं. बॉयलर मात्र अजून तोच आहे, फेब्रुवारीत दोनदा बंद पडला. पहिल्या वेळी नवऱ्याने वॉर्डात असलेल्या वैशालीला फोन केला. दुसऱ्या वेळी प्लंबरला केला.