पोर्तुगीज पासपोर्ट, आयर्लंडमधली नोकरी आणि भारतीय पासपोर्टवरची बायको

तुमचा प्रश्न मला समजला तो असा : तुम्ही मूळचे फोंड्याचे, पासपोर्ट पोर्तुगीज, नोकरी डब्लिनजवळच्या गोदामात. लग्न गोव्यात झालं, वहिनींचा पासपोर्ट भारतीय. एजंट म्हणतो, तुमचा पगार कमी पडतो, वहिनींना इंग्रजीची परीक्षा द्यावी लागेल आणि इथे आल्यावर नोकरी करता येणार नाही. यातलं एकही तुम्हाला लागू नाही. दुसऱ्याच कुठल्यातरी व्हिसानियमांत तो तुमची फाइल घालतोय आणि तुम्ही त्या नियमांतले नाहीच.

तुमचा हक्क येतो युरोपियन युनियनच्या २००४/३८ या निर्देशातून. युनियनचा नागरिक आपला देश सोडून दुसऱ्या सदस्यदेशात काम करत असेल, तर त्याच्या जोडीदाराला, पासपोर्ट कुठलाही असो, त्याच्याबरोबर राहता येतं आणि नोकरीही करता येते. हाच निर्देश तुम्ही लिस्बनमध्ये नोकरी करत असतात तर लागू झाला नसता, तिथे पोर्तुगालचा कायदा आड आला असता. डब्लिनच्याच आयरिश माणसाला आपल्या भारतीय बायकोसाठी हा रस्ता मिळत नाही, तुम्हाला मिळतो.

पगाराचं म्हणाल तर कामगाराला किमान उत्पन्नाची अट नाही. पुरेशा पैशाचा पुरावा मागतात तो नोकरी न करणाऱ्यांकडे आणि, जरा सैलपणे, विद्यार्थ्यांकडे. अर्धवेळ कामसुद्धा चालतं, फक्त ते खरंखुरं हवं, नावापुरतं नको. युरोपीय न्यायालयाने हे १९८२ मध्येच लेव्हिन खटल्यात सांगून ठेवलंय. आणखी एक भीती लोक घालतात, की बायको आधी युरोपात कुठेतरी कायदेशीर राहिलेली असावी लागते. ही अट आयर्लंडच लावत असे. जुलै २००८ मध्ये मेटॉक खटल्यात ती न्यायालयाने मोडीत काढली. वहिनी थेट गोव्यातून येऊ शकतात.

व्हिसाच्या अर्जात ‘युरोपियन नागरिकाची कुटुंबीय’ हे स्वच्छ लिहा आणि अर्जासोबतच्या पत्रात निर्देशाचा क्रमांक घाला. या व्हिसाला फी घेता येत नाही आणि तो लवकरात लवकर द्यायचा असतो. इथे आल्यावर निवास कार्डाचा अर्ज. अर्ज दिल्याची पोच लगेच मिळायला हवी, कार्ड सहा महिन्यांच्या आत. कार्ड साधारण पाच वर्षांचं असतं. ते ‘स्टँप ४’ वर्गातलं, म्हणजे नोकरीची मुभा देणारं, आहे ना, हे हातात पडताच बघा. पाच वर्षं सलग राहिल्यावर कायम निवासाचा हक्क मिळतो.

आता कागद. आपल्या गोव्याच्या लोकांचं गाडं अडतं ते इथेच, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी सावंतवाडीची, नवरा काणकोणचा, त्यामुळे हे सगळं जवळून पाहिलंय. सासऱ्यांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत आडनाव ‘कामोतीम’, नवऱ्याच्या शाळेच्या दाखल्यावर ‘कामत’. तुमच्या पासपोर्टवरचं नाव आणि लग्नाच्या दाखल्यावरचं नाव अक्षर न् अक्षर लावून बघा. फरक असेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच जोडा, त्यांनी विचारण्याची वाट बघू नका. दुसरं, गोव्यात लग्नाची नोंदणी दोन टप्प्यांत होते. पहिली सही करून, हॉलमध्ये लग्न लावून, परदेशी निघून गेलेली कितीतरी जोडपी आहेत. दुसरी सही झाली नसेल तर कायद्याने लग्न पुरं झालेलंच नाही, आणि पुढचं सगळं त्या दाखल्यावर उभं आहे. दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का, करून घ्या. लग्न पोर्तुगालमध्येही नोंदवलंत तर पुढे मुलांच्या कागदांना सोपं जाईल, पण वहिनींच्या हक्कासाठी ती अट नाही.

एक गोष्ट वहिनींनाही वाचून दाखवा. त्यांचा हक्क तुमच्या इथे असण्यावर उभा आहे. वर्षाहून जास्त नोकरी करून ती तुमच्या मर्जीविरुद्ध गेली आणि तुम्ही रोजगार कार्यालयात नाव नोंदवलंत, तर तुमचा कामगाराचा दर्जा टिकतो. पण तुम्ही नोकरी सोडून देशाबाहेर गेलात तर त्यांचाही आधार सुटतो. उद्या घटस्फोटाची वेळ आलीच, तर अर्ज दाखल होईपर्यंत लग्नाला तीन वर्षं झालेली हवीत, त्यातलं एक इथलं. मग त्या स्वतःच्या कमाईवर राहू शकतात. घरात मारहाण होत असेल तर इतके दिवस थांबण्याची अट नाही. बाईमाणसाला हे आधीच ठाऊक असलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

पुढे पोर्तुगालला जायचं ठरलं तरी वाट आहे. सुरिंदर सिंग नावाच्या भारतीयाची बायको ब्रिटिश होती. दोघं जर्मनीत काम करून ब्रिटनला परतले आणि १९९२ मध्ये न्यायालयाने ठरवलं की परतल्यावरही नवऱ्याला तोच युरोपीय हक्क मिळतो. मात्र दुसऱ्या देशातला मुक्काम खरा हवा, तीन महिन्यांहून जास्त. इंग्लंडमधल्या स्विंडनच्या नातेवाइकांचा सल्ला इथे घेऊ नका. ब्रिटनमध्ये हे नियम २०२० च्या अखेरीला संपले, त्यांचा अनुभव त्याआधीचा आहे.

अर्ज नाकारला तर कारणं लेखी मागा, ती देणं त्यांना बंधनकारक आहे. अपिलाची मुदत त्याच पत्रात असते, ती चुकवू नका. नियमच धाब्यावर बसवलाय असं दिसलं तर ‘सॉल्व्हिट’ या युरोपियन युनियनच्या तक्रार सोडवणाऱ्या सेवेकडे तक्रार करा, पैसे पडत नाहीत. त्याआधी एजंटाकडचे मूळ दाखले परत घ्या आणि दुसऱ्या सहीचं काय झालं ते इथे कळवा, म्हणजे पुढचं सांगता येईल.