वाईन होईल तयार, विकणार कुठे?

निफाडला पाच एकर द्राक्षबाग आहे, त्यातून स्वतःच्या नावाची वाईन काढायची आहे, आणि एक्साईज माफ असताना अडचण कसली, असं तुम्ही विचारलंय. नाशिकमधल्या वायनरीत बरीच वर्षं नोकरी केली, मग स्वतःचा ब्रँड काढून हात पोळून घेतले. त्यावरून सांगतो, अडचण टाकीत, म्हणजे वाईन बनवण्यात नसते, टाकीबाहेर असते.

2001च्या धोरणाने राज्यातल्या द्राक्षांच्या वाईनवरचं उत्पादन शुल्क माफ केलं, हे खरं. पण त्यात पुढे बदल झालेत, आणि व्हॅट 20 टक्के आहेच. त्यातले 16 टक्के उत्पादकाला परत देण्याची योजना आहे, पण तो पैसा वेळेवर येईल असं धरून कर्जाचे हप्ते बांधू नका. शिवाय दारू जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे बाटली, बूच, लेबलावर भरलेला जीएसटी कुठे वजा होत नाही. तो सरळ खर्चात जातो.

वायनरी बांधू तर मुळीच नका. परवाना असलेल्या वायनरीकडून वाईन बनवून घ्या, बऱ्याच लहान ब्रँडांची सुरुवात अशीच होते. फक्त ट्रेडमार्क, वर्ग 33 (दारूचा वर्ग) मध्ये, आधी स्वतःच्या नावावर करा. लेबलाची नोंदणी बनवणाऱ्याच्या परवान्याला चिकटलेली असते. उद्या बिनसलं तर निदान नाव तरी तुमचं राहील.

लेबल मंजूर होण्याआधी छापू नका. मी छापली. 'मद्यपान आरोग्यास हानिकारक' हा इशारा 2019 पासून सक्तीचा आहे आणि मोठ्या बाटलीवर त्याची अक्षरं किमान 3 मिलिमीटर हवीत. माझी बारीक निघाली. डिझायनरला नाजूक अक्षरं आवडायची! सगळा गठ्ठा रद्दीत गेला.

आता खरी मेख. माल घाऊक परवानेवाल्याकडून, म्हणजे एफएल-1 कडून, दुकानात जातो. आपण ज्याला 'वाईन शॉप' म्हणतो तिथे वाईन सोडून सगळं खपतं. दुकानदार पहिलाच प्रश्न विचारतो, "स्कीम काय?" पेटीमागे फुकट बाटल्या द्या, वर उधारी द्या, आणि तरी तुमची बाटली कोपऱ्यात. एका दुकानात माझी व्हाईट वाईन अख्खा मे महिना काचेच्या शोकेसमध्ये उन्हात उभी होती. गिऱ्हाईकाने ती उघडली आणि शिव्या मला घातल्या. सुपरमार्केटमध्ये विक्रीचा निर्णय मंत्रिमंडळाने 27 जानेवारी 2022 ला घेतला खरा, पण विरोध एवढा झाला की तो कागदावरच राहिला. त्या भरवशावर आखणी करू नका.

बाहेरच्या राज्यात जायचं तर सगळं पहिल्यापासून. लेबल पुन्हा नोंदवा, किंमत पुन्हा मंजूर करून घ्या, प्रत्येक खेपेला तिकडचा आयात परवाना आणि इकडचा वाहतूक पास काढा. कर्नाटकात तर माल सरकारी महामंडळामार्फतच जातो. कुरिअरने पुण्याच्या मित्राला बाटली पाठवणंसुद्धा गुन्हा ठरू शकतो, हे लोकांना पटतच नाही. टीव्हीवर जाहिरातीला बंदी आहे, तेव्हा तोही रस्ता बंद.

म्हणून पहिली दोन वर्षं एकच राज्य धरा, दोनच वाईन ठेवा. नाशिक, पुणे, मुंबईतली वीस-पंचवीस हॉटेलं स्वतः फिरून पकडा. वाईन थंड ठेवतात आणि ग्लासवर विकतात ती. वायनरीच्या टेस्टिंग रूममधून तुमची बाटली विकता येईल का, हेही करारातच ठरवून घ्या. तिथे मधला कोणी नसतो आणि पैसे रोख मिळतात.

राहिली तुमची बाग. ती थॉमसनची असेल तर खायच्या द्राक्षाची आहे, वाईनला चालणार नाही. सगळी उपटू मात्र नका. अर्ध्या एकरात शेनिन ब्लाँ ही वाईनच्या द्राक्षाची जात लावून बघा. भरघोस माल यायला तीनेक वर्षं लागतील, तोवर द्राक्षं विकत घ्या. गाळपाचा हंगाम जानेवारी ते मार्च आणि परवान्याचं वर्ष 31 मार्चला संपतं, तेव्हा वायनरीशी करार दिवाळीच्या आत झालेला बरा.