पंचांना विचारा: ताकीद, आणि नंतर काय?

प्रश्न: सोळा वर्षांखालच्या सामन्यात माझा मुलगा गोलंदाजी करताना खेळपट्टीवर धावला म्हणून पंचांनी ताकीद दिली. वर त्याच्या कर्णधारालाही बोलावून सांगितलं. पोरगं हिरमुसलं. एवढं गरजेचं होतं का?

उत्तर: होतं. पॉपिंग क्रीझपासून, म्हणजे फलंदाजाच्या पुढच्या पांढऱ्या रेषेपासून, ५ फुटांवर सुरू होणारा, मधल्या स्टम्पच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना १-१ फुटाचा पट्टा म्हणजे आपला ‘डेंजर एरिया’. तिथे बुटांचे खिळे रुतले की खड्डे पडतात आणि पुढे फिरकीवाल्यांची दिवाळी होते. पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा शेवटची ताकीद. तिसऱ्यांदा पाय पडला, तर त्या डावात गोलंदाजी बंद आणि उरलेलं षटक दुसऱ्यानं टाकायचं. गोलंदाज बदलायचा तो कर्णधारानंच, मग त्याला आधी कळायला नको? दुसऱ्या पंचांना आणि फलंदाजांनाही सांगतात. ‘मी ऐकलंच नाही’ म्हणायला जागा राहत नाही.

मी स्वतः ताकीद देण्याआधी पोराला मातीवरची त्याच्याच बुटाची खूण दाखवतो. बहुतेक जण पुढच्या चेंडूला आपसूक बाहेर वळतात.

प्रश्न: असा चेंडू नो-बॉल धरायचा का?

उत्तर: नाही. तेवढ्यासाठी नाही.

प्रश्न: चेंडू पडण्याआधीच क्रीझ सोडणाऱ्या नॉन-स्ट्रायकरला (गोलंदाजाच्या टोकाच्या फलंदाजाला) गोलंदाजानं धावबाद करण्याआधी ताकीद द्यायला हवी ना?

उत्तर: नियमात तसं कुठेही नाही. १९४७च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात भारताच्या विनू मंकड यांनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राऊनला एका सराव सामन्यात आधी समज देऊन मग बाद केलं. पुढे डिसेंबरात सिडनी कसोटीत ब्राऊन पुन्हा क्रीझबाहेर सापडला, तेव्हा सरळ बेल्स उडवल्या. खुद्द ब्रॅडमन यांनी मंकड यांची बाजू घेतली. उलट १९८७च्या विश्वचषकात लाहोरला शेवटच्या चेंडूआधी वेस्ट इंडीजच्या कोर्टनी वॉल्शनं पाकिस्तानच्या सलीम जाफरला नुसतं सावध करून सोडलं आणि वेस्ट इंडीज एका गड्यानं हरले. वॉल्शचं कौतुक मीही करतो. पण तो त्याचा दिलदारपणा होता, फलंदाजाचा हक्क नव्हे. २०२२पासून हा प्रकार ‘अनुचित खेळा’च्या कलमातून काढून साध्या धावबादच्या कलमात घातला आहे.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या टेनिस बॉल स्पर्धेत क्षेत्ररक्षक मुद्दाम वेळ काढतात. दहादा सांगूनही ऐकत नाहीत.

उत्तर: दहादा सांगता, म्हणूनच ऐकत नाहीत! अकराव्यांदाही काही होणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांत एक षटक संपून दुसरं सुरू करायला ६० सेकंद मिळतात आणि घड्याळ मैदानावर सगळ्यांना दिसतं. दोन ताकिदी, तिसऱ्या वेळेपासून दर खेपेला ५ धावांचा दंड. कसोटीत ८० षटकांनंतर ताकिदींची पाटी पुन्हा कोरी होते.

तुम्ही एकच ताकीद ठेवा आणि ती गुणलेखकाच्या वहीत वेळेसकट लिहून घ्या. पहिल्याच सामन्यात कुणाला तरी ५ धावांचा फटका बसेल, आरडाओरडा होईल, सोसायटीचे सेक्रेटरी मध्ये पडतील. धावा मागे घेऊ नका.