परिसरात जीव गुंतणं म्हणजे कमकुवतपणा नव्हे

पुणे विद्यापीठातली सहायक प्राध्यापकाची जागा सोडून जास्त पगारावर हिंजवडीकडच्या खासगी संस्थेत जावं का, आणि केवळ ४११ एकरांच्या झाडीत जीव अडकला म्हणून पाय निघत नसेल तर तो बालिशपणा का, असं तुम्ही विचारलंय. मी याच आवारात इतिहास शिकवत सत्तावीस वर्षं काढली. बालिशपणा अजिबात नाही.

आमच्या विषयाला तर ही जागा म्हणजे उघडं दफ्तरच. मुख्य इमारत एकेकाळी मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळी बंगला होती. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा सोहळा इथेच झाला. तो आटोपून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. दर जूनमध्ये मी नव्या मुलांना आधी इमारतीसमोर उभं करायचे, मग वर्गात न्यायचे. वर्गात तासभर बोलून जे पोचत नाही, ते तिथे पाच मिनिटांत पोचायचं.

पण खरी गोष्ट वेगळीच. एका मोडी हिशेबात गाड्यांसाठी धावड्याचं लाकूड घेतल्याची नोंद होती. धावडाच का, हे मला महिनाभर उमगेना. एके दुपारी जयकर ग्रंथालयातून चहाला निघाले, तर वाटेत वनस्पतिशास्त्राचे एक सहकारी भेटले. सहज विचारलं. ते म्हणाले, "अहो, धावडा भारी चिवट. गाडीचा आस, कुऱ्हाडीचा दांडा त्याचाच करतात." माझा परिच्छेद तिथेच, वडाखाली सुटला. मध्ये दोन वर्षं मी दुसऱ्या शहरात एका मोठ्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर काम केलं. माणसं हुशार होती, ग्रंथालयही उत्तम. पण दुसऱ्या विभागातलं कुणी भेटलंच तर लिफ्टमध्ये, आणि मजला आला की बोलणं संपायचं. त्या दोन वर्षांत असा धावडा एकदाही भेटला नाही.

म्हणून पगाराच्या आकड्याशेजारी हेही मांडा. महिनाभर वहीत टिपा: कामातली कुठली अडचण कुणाशी बोलताना सुटली आणि ती व्यक्ती कुठे भेटली. वहीत फक्त पाऊस, मोर आणि झाडंच उतरली, तर खुशाल जा. घरचे हप्ते, मुलांची शिक्षणं खोटी नसतात, आणि झाडं बघायला सुट्टीच्या दिवशीही येता येतं. माणसं उतरली, तर मात्र दहादा विचार करा.

नव्या संस्थेत मुलाखतीला जाल तेव्हा प्रयोगशाळा पाहून लगेच परत फिरू नका. दुपारी चारपर्यंत थांबा आणि तिथली माणसं चहा कुठे पितात, कुणाबरोबर पितात, ते पाहून या.