साथीला कोण आहे, ते आधी बघा

गेल्या अंकात विचारलं होतं, हल्ली नवीन काय ऐकताय आणि ते कुणाच्या गळ्यात मारताय? पत्रं भरपूर आली, त्यातली निम्मी तक्रारींची. पाच निवडलीत.

प्रश्न : मित्राने अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवाल्या ऑर्नेट कोलमनचा 'फ्री जॅझ' हा अल्बम पाठवला. ३७ मिनिटं सगळे एकदम वाजवतायत. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, रेडिओ नीट लागत नाहीये का? मित्र माझी फिरकी घेतोय का हो ताई? (एक वाचक, पुणे)

उत्तर : फिरकी नाही घेतली, पण पोहायला शिकवायचं म्हणून थेट विहिरीत ढकललंय तुम्हाला. आमच्या गावाकडे तसंच शिकवायचे म्हणा, पण निदान पाठीला डबा तरी बांधायचे. तर हा घ्या डबा. हे रेकॉर्डिंग २१ डिसेंबर १९६० चं, आणि त्यात एक नाही, दोन चौकड्या आहेत. डाव्या कानात एक, उजव्या कानात दुसरी, आणि मोबाइलच्या स्पीकरवर दोन्हींचा काला होतो, वहिनींचं काही चुकलं नाही. हेडफोन लावा आणि डावा काढून ठेवा. आता उजव्या बाजूला एरिक डॉल्फीचा बास क्लॅरिनेट, फ्रेडी हबर्डचा ट्रम्पेट, एड ब्लॅकवेलचे ड्रम्स आणि चार्ली हेडनचा डबल बास, एवढेच उरतील. त्यातही हेडनच्या मागे जा, बाकीचे काय वाटेल ते करोत. दहा मिनिटांनी डावा कान लावा.

हेडनच का, तर हा माणूस लहानपणी, म्हणजे अगदी दोन वर्षांचाही नव्हता तेव्हापासून, घरच्यांच्या रेडिओ कार्यक्रमात कंट्री गाणी गायचा. पुढे पोलिओने गळ्यावर घाला घातला, गाणं सुटलं आणि बास हातात आला. कोलमनबरोबरच्या 'रॅम्ब्लिन' या तुकड्यात त्याचा सोलो आहे, त्यात तो मध्येच 'ओल्ड जो क्लार्क' हे तिकडचं जुनं लोकगीत वाजवून जातो. म्हणजे ज्याला लोक गोंगाट म्हणतात त्याच्या तळाशी अंगणातलं गाणं आहे. खरं तर सुरुवात कोलमनच्याच १९५९ च्या 'लोनली वुमन'पासून करा. ड्रम्स घाईत आणि वरची धून मात्र आपल्याच तंद्रीत, त्या घाईशी काही देणंघेणं नसल्यासारखी. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भांडी घासत होते, नळ बंद करून तशीच उभी राहिले.

प्रश्न : पिंक फ्लॉइड या रॉक बँडचं 'मनी' हे गाणं रूपक तालात आहे अशी मी ऑफिसात पैज लावली. जिंकलो का? (तबल्याचा विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : अर्धी जिंकलात, म्हणजे अर्धाच चहा. मात्रा सात आहेत, बरोबर, पण सात मात्रा म्हटलं की रूपक होत नाही हे तुम्हाला तुमच्या गुरुजींनी सांगितलं असेलच. रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्राच 'खाली' असते, तिथे टाळी नसते, ती मजा त्यात कुठाय? इथे तर बास पहिल्या मात्रेवर दणकून उतरतो. शिवाय सॅक्सोफोनचा सोलो सातात आहे, पण गिटारचा सोलो सुरू झाला की गाडी सरळ चारावर येते. टाळी देत ऐका, हात कुठे चुकतो ते कळेल. उरलेला अर्धा चहा पाच मात्रांच्या गाण्यांवर लावा : 'टेक फाइव्ह' आणि जेथ्रो टलचं 'लिव्हिंग इन द पास्ट'.

प्रश्न : कॉलेजपासून येस, जेनेसिस, फ्लॉइड हे रॉक बँड ऐकतोय. आता तेच तेच वाटतं. ॲप जे सुचवतं ते आधीच्यासारखंच असतं. पुढे कुठे जाऊ? (नाशिक)

उत्तर : ॲप 'असंच आणखी' देतं हो, 'याच्या शेजारी कोण बसलंय' ते सांगत नाही. आपण कार्यक्रमाची पत्रिका हातात आली की गायकाचं नाव वाचून झाल्यावर लगेच बघतो ना, तबल्याला कोण, पेटीला कोण, आणि कधीकधी तर तबलजीसाठीच जातो. तीच सवय इथे लावा. किंग क्रिमसन हा बँड तुमच्याकडे असणारच, त्यांचं १९७० चं 'कॅट फूड' काढा आणि फक्त पियानो ऐका, मांजर पेटीवरून पळत गेल्यासारखा आहे. तो कीथ टिपेट, फ्री जॅझवाला, म्हणजे ठरलेली चौकट न पाळता वाजवणारा. त्याच वर्षीच्या त्यांच्या 'लिझर्ड' अल्बमवरही तो आहे (आणि तुमच्या येसचा जॉन अँडरसन एका ठिकाणी गाऊन गेलाय, बघा सापडतो का). मग टिपेटचा माग काढा, तर १९७० मध्ये त्याने सेंटिपीड नावाचा पन्नास वादकांचा तांडा जमवला होता आणि त्यांच्या १९७१ च्या डबल अल्बमचा निर्माता होता क्रिमसनचाच रॉबर्ट फ्रिप. टिपेटच्या जुन्या चमूतला सॅक्सवाला एल्टन डीन सॉफ्ट मशीन या बँडमध्ये गेला, तिथे 'थर्ड' हा डबल अल्बम ऐका, रेकॉर्डच्या चार बाजू आणि चारच गाणी. आणि हो, एल्टन जॉनने 'एल्टन' घेतलं ते या डीनच्या नावावरून. माझ्या मते सॉफ्ट मशीन त्याच्यानंतर हळूहळू कोरडं होत गेलं, पण यावर भांडणारी पत्रं चालतील.

सेंटिपीड मात्र एका बैठकीत संपवू नका. मी संपवलं होतं, दुसऱ्या दिवशी कुकरची शिट्टीसुद्धा सहन होईना.

प्रश्न : लेक इंग्लंडमध्ये लीड्सला असते, तिने एक जुनं इंग्रजी लोकगीत पाठवलं. शब्द फारसे कळले नाहीत, पण आईच्या जात्यावरच्या ओव्या आठवल्या. असं आणखी काय आहे? मी कधी इंग्रजी गाणी ऐकलेली नाहीत. (निवृत्त शिक्षिका, सांगली)

उत्तर : बाई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमच्या आईच्या ओव्यांसारख्याच एक लाखावर ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी गावोगाव फिरून गोळा करून ठेवल्यात. तिकडेही हेच वेड होतं, चाइल्ड नावाच्या एका अमेरिकन प्राध्यापकाने ३०५ जुनी कथागीतं पाठभेदांसकट छापली. ती धूळ खात पडू नयेत म्हणून १९६९ मध्ये लंडनच्या काही पोरांनी त्यांना इलेक्ट्रिक गिटार जोडली. बँडचं नाव फेअरपोर्ट कन्व्हेन्शन, गायिका सँडी डेनी.

'अ सेलर्स लाइफ' ऐका. अकरा मिनिटांचं आहे, दुपारचं काम आटोपल्यावर लावा. खलाशावर जीव असलेली मुलगी त्याला शोधायला बोटीतून निघते आणि तो बुडाल्याचं कळतं, एवढीच गोष्ट. सुरुवातीला ड्रम्स ठेका धरतच नाहीत, नुसत्या झांजा, लाटा येऊन परत जाव्यात तशा. मग व्हायोलिन आणि गिटार एकमेकांना ओढत नेतात आणि ठेका कधी सुरू झाला ते कळतसुद्धा नाही. ड्रम्स वाजवणारा मार्टिन लँबल १९ वर्षांचा होता. त्याच वर्षी मे महिन्यात कार्यक्रमाहून परतताना बँडची व्हॅन उलटली, त्यात तो गेला. उरलेल्यांनी पुन्हा उभं राहून 'लीज अँड लीफ' हा अल्बम केला, तो डिसेंबरात आला.

लेकीला सांगा, पुढच्या वेळी पेंटँगल या इंग्रज बँडचं काही पाठव. त्यात डबल बासवर डॅनी थॉम्पसन आहे, तो निक ड्रेकच्या पहिल्या अल्बमवरही आहे आणि जॉन मार्टिनच्या 'सॉलिड एअर'वरही. त्याच्या बासचं नाव व्हिक्टोरिया. पहिल्या प्रश्नातल्या पुण्याच्या भाऊंनीही हे ऐकावं, हेडननंतर बरं वाटेल.

प्रश्न : घरच्या ग्रुपवर मी रोज एक भारी गाणं टाकतो. ३१ माणसं आहेत, एक जण अंगठा दाखवतो, तोही न ऐकता. काय करू? (ठाणे)

उत्तर : रोज टाकणं बंद करा. मी स्वतः हे पाप केलेलं आहे, दिवाळीत पहाटे अभ्यंगस्नानाच्या वेळी ग्रुपवर कोल्ट्रेनचं 'असेन्शन' टाकलं होतं, तेही 'फ्री जॅझ'सारखंच सगळे एकदम वाजवणारं. मोठ्या मावशीने ते उघडलं, घाबरून फोन बंद केला आणि दुपारी भाच्याला घेऊन मोबाइलच्या दुकानात गेली, स्पीकर गेलाय म्हणून. दुकानदाराने तपासायचे शंभर रुपये घेतले, ते अजून माझ्या नावावर आहेत.

आता मी एकाच माणसाला, एकच गाणं, आणि नेमकी जागा सांगून पाठवते. मावशी कीर्तनाला जाते, मृदंग कसा वाजला यावर घरी येऊन अर्धा तास बोलते. तिला म्हटलं, शक्ती नावाच्या बँडचा १९७६ चा पहिला अल्बम लाव, इंग्रज माणूस गिटार वाजवतोय तिकडे लक्ष देऊ नकोस, झाकीर हुसेन आणि घटमवाले विक्कू विनायकराम समोरासमोर येतात तेवढंच ऐक. संध्याकाळी तिचा फोन आला, "तो मडकं वाजवणारा कोण गं? त्याचं अजून आहे का काही?"