जुनी इलेक्ट्रिक कार घेताना ‘बॅटरी हेल्थ 96%’ या आकड्यावर किती विसंबावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत 2021 ची नेक्सॉन ईव्ही बघितली आहे, 30.2 किलोवॅट-तासांची. मालकाने मोबाइलवरच्या ॲपमध्ये बॅटरीचा एसओएच (म्हणजे बॅटरी हेल्थ) 96% दाखवला. पण फुल चार्ज असताना गाडीच्या स्क्रीनवर रेंज दिसली 190 किमी, आणि कंपनीचा दाखल्याचा आकडा होता 312. यातलं खरं कोणतं?

मी सांगलीतच राहतो आणि याच जातीची गाडी चालवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. 96% आणि 190, दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. पण बॅटरी किती उरली आहे हे त्या दोन्हींतून कळत नाही. ते मोजावं लागतं, आणि मोजणं अवघड नाही.

190 चं आधी बघू. गाडी ती रेंज गेल्या काही किलोमीटरच्या चालवण्यावरून काढते. मालक पुणे हायवेला शंभरच्या वेगाने, एसी लावून जाऊन आला असेल तर आकडा खाली येणारच. तीच गाडी आठवडाभर विश्रामबाग ते मिरज अशी शांतपणे फिरवली तर आकडा चढेल, बॅटरी मात्र होती तेवढीच राहील. 312 हा चाचणीतल्या ठरावीक, संथ चालीचा आकडा आहे. नव्या गाडीलाही रोजच्या रस्त्यावर तो मिळत नव्हता. म्हणून 190 बघून घाबरू नका.

आता 96%. एसओएच म्हणजे नवी असताना बॅटरीत जेवढी वीज मावत होती त्यातली आज किती मावते, हे टक्क्यांत. पण गाडीत ते थेट मोजणारं काही बसवलेलं नसतं. बॅटरीचा मेंदू, म्हणजे बीएमएस, आत-बाहेर गेलेला करंट आणि सेलचं व्होल्टेज यांवरून अंदाज बांधतो. नेक्सॉनमध्ये एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारचे सेल आहेत, आणि एलएफपीचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतं. 30% चार्ज आणि 70% चार्ज यांत फरक इतका थोडा, की बीएमएसचा हिशोब हळूहळू सरकत जातो. पूर्ण स्लो चार्ज झाला की तो पुन्हा जाग्यावर येतो. गाडी महिनोन्महिने 80 टक्क्यांवरच थांबवलेली असेल, तर अंदाज चुकीचा असण्याची शक्यता वाढते. ह्युंदाई कोनासारख्या एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेलच्या गाडीत ही अडचण कमी.

हा अंदाज कधी खऱ्यापेक्षा कमीही दाखवतो. परदेशात निसान लीफच्या 30 किलोवॅट-तासांच्या गाड्या बॅटरी झपाट्याने उतरल्याचं दाखवत होत्या. 2018 मध्ये कंपनीने मान्य केलं की दोष मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि ते बदलून दिलं. शिवाय बीएमएस बदललं किंवा रीसेट झालं, तर काही गाड्यांत हा आकडा नव्याने 100 पासून सुरू होतो. म्हणून मला एकट्या एसओएचपेक्षा प्रत्यक्ष वीज मोजलेली जास्त पटते.

ती अशी मोजा. आदल्या रात्री गाडी 15 अँपिअरच्या प्लगवर 100% करायला सांगा, आणि 100 दिसल्यावरही तासभर प्लग तसाच राहू द्या. सकाळी ट्रिप मीटर शून्य करा आणि चार्ज 25 टक्क्यांपर्यंत येईस्तोवर चालवा. पेठ नाक्याकडे जा, तासगावला जा, कुठेही. या पद्धतीत चढ-उतार आणि एसीने बिघडत नाही, कारण आपण किलोमीटर नव्हे, खर्च झालेली वीज मोजतोय. शेवटी किलोमीटर आणि सरासरी खप (वॉट-तास प्रति किमी) लिहून घ्या. समजा 148 किमी झाले आणि सरासरी 140 आली. गुणाकार 20,720 वॉट-तास, म्हणजे 20.7 युनिट (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास). हे बॅटरीच्या 75 टक्क्यांतून गेले, तर पूर्ण बॅटरीत मावतात साधारण 27.6 युनिट. 30.2 शी ताडून पाहिलं तर 91%. कंपनी थोडी वीज राखीव ठेवते, त्यामुळे नवी गाडीही पूर्ण 30.2 देत नाही, हे धरून चला. माझ्या मते या वयाच्या गाडीला 85 च्या वर उत्तर आलं तर निर्धास्त घ्या. 75 ते 85 असेल तर भाव पाडून मागा. त्याखाली असेल तर मी घेणार नाही.

परतल्यावर त्याच गाडीचा चार्ज सबमीटर लावून मोजता आला तर पडताळाही होतो. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी साधारण 10 ते 15% चार्ज करताना वाया जाते, ती वजा करायची.

ॲप हाताशी आहेच, तर त्यात एसओएचपेक्षा सेल व्होल्टेज बघा: सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी. या बॅटरीत शंभराच्या आसपास सेल एकामागे एक जोडलेले आहेत. बैलजोडीतला एक बैल दमला की दुसऱ्याच्या अंगात कितीही जोर असो, गाडी तिथेच थांबते. तसंच एक सेल रिकामा झाला की बाकीच्यांत वीज असूनही बीएमएस पुरवठा तोडतो. 50-60% चार्जला हा फरक बघून उपयोग नाही, एलएफपीत तिथे सगळे सेल सारखेच दिसतात. 20-25% वर आणा, ॲक्सिलरेटर जरा जोरात दाबा, आणि शेजारी बसलेल्याला आकडे वाचू द्या. एकच सेल नंबर दर वेळी बाकीच्यांपेक्षा खूप खाली जात असेल, तर ती गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

कमी किलोमीटरवर फार भाळू नका. बॅटरी नुसती उभी राहूनही म्हातारी होते, आणि 100% चार्ज करून एप्रिल-मेच्या उन्हात उभी असेल तर जास्तच.

सांगलीची गाडी आहे म्हणून एक गोष्ट मी सगळ्यांत आधी विचारली असती: जुलै 2021 च्या पुरात ती कुठे होती? नोंदणी त्याआधीची असेल तर हा प्रश्न टाळूच नका. बॅटरीचा खोका पाण्यापासून जपलेला असतो, पण आयपी67 या पाणीरोधक दर्जाची चाचणी मीटरभर पाण्यात अर्ध्या तासाची असते. आपल्याकडे पाणी दिवस-दिवस उतरत नव्हतं. शिवाय खोका वाचला तरी कनेक्टर आणि वायरिंगमध्ये गंज महिन्यांनी डोकं वर काढतो. कार्पेट उचलून खाली गाळ बघा, सीटच्या रुळांवर गंज बघा, सीटबेल्ट पूर्ण ओढून त्यावर पाण्याची रेषा आहे का पाहा. नारिंगी (उच्च दाबाच्या) केबलला स्वतः हात लावू नका, ते काम सर्व्हिस सेंटरचं. विमा क्लेमचा आणि सर्व्हिसचा इतिहास मालकाकडून लेखी मागा.

बॅटरी आणि मोटरची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1,60,000 किमी, जे आधी होईल ते. 2021 ची गाडी म्हणजे 2029 पर्यंत. ती तुमच्या नावावर कशी चालू राहील आणि क्षमता कमी झाल्याचा दावा कोणत्या अटींवर मान्य होतो, हे वॉरंटीच्या पुस्तिकेत स्वतः वाचा.

चाचणी झाली की किलोमीटर, सरासरी खप आणि सेलचे दोन आकडे इथेच लिहा, हिशोब मी तपासून देतो.