मेकॅनिकलच्या मुलीसाठी लॅपटॉप: विंडोज, मॅक की लिनक्स?

तुम्ही प्रश्न एका लॅपटॉपचा विचारलाय, पण घरात वापरणारी माणसं तीन आहेत आणि तिघांचं काम वेगळं आहे. लेकीला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, तुमच्या दुकानाचा हिशेब टॅलीवर चालतो आणि वहिनी महिला मंडळाच्या वार्षिक अंकाचं टायपिंग करतात. बजेट 70 हजार. बंगळूरचा पुतण्या म्हणतो मॅकबुक घ्या, शेजारचे सर म्हणतात लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी सिस्टिम) टाका. दोघंही स्वतःच्या कामाच्या अनुभवावरून सांगतायत आणि त्यांच्या कामासाठी ते बरोबरच आहे. माझं मत असं: लेकीसाठी नवीन विंडोज लॅपटॉप घ्या, घरातला 2016 चा जुना लॅपटॉप लिनक्स टाकून वहिनींना द्या, आणि दुकानातल्या डेस्कटॉपला हात लावू नका.

आधी लेकीचं बघू. पहिल्या वर्षाचा अभ्यास कुठल्याही मशीनवर होतो. थोडं सी किंवा पायथन, रिपोर्ट, प्रेझेंटेशन, एनपीटीईएलचे (आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचे) व्हिडिओ, यात काही अडत नाही. म्हणून पहिल्या वर्षाकडे बघून निर्णय घेऊ नका, तिसऱ्या-चौथ्या वर्षाकडे बघा. तिथे भागांचं डिझाइन आणि चाचणी करणारी (कॅड आणि सिम्युलेशन) सॉफ्टवेअर, म्हणजे सॉलिडवर्क्स, कॅटिया, अ‍ॅन्सिस येतात. सॉलिडवर्क्स फक्त विंडोजवर चालतं. ऑटोकॅडची मॅक आवृत्ती आहे आणि ऑटोडेस्कचं फ्यूजनही मॅकवर चालतं, पण कॉलेजच्या लॅबमध्ये जे शिकवतील, ज्याची फाइल सबमिशनला मागतील, तेच घरी उघडायला हवं.

पुतण्या म्हणेल की मॅकवरही विंडोज टाकता येतं. इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर बूट कॅम्प या त्यातल्याच सोयीने ते खरंच सोपं होतं. नोव्हेंबर 2020 मध्ये एम 1 आला, अ‍ॅपलने स्वतःचे प्रोसेसर वापरायला सुरुवात केली आणि त्या मशीनवर बूट कॅम्प नाही. आता पॅरलल्ससारखं सॉफ्टवेअर बसवून त्यात एआरएमचं (इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेच्या प्रोसेसरसाठीचं) विंडोज चालवावं लागतं. तशा जोडणीवर वजनदार कॅड सॉफ्टवेअर चालवणं म्हणजे प्रत्येक अडचणीला उत्तर स्वतः शोधणं. सबमिशनच्या आदल्या रात्री मुलीवर ती वेळ येऊ नये. तिला कॉम्प्युटर शाखा मिळाली असती तर मी पुतण्याच्या बाजूने बोललो असतो. मॅकबुक एअरला पंखा नाही, बॅटरी दिवसभर पुरते, प्रोग्रामिंगची बहुतेक साधनं तिथे उत्तम चालतात, आणि आयफोनची अ‍ॅप्स बनवायला लागणारं एक्सकोड तर मॅकशिवाय मिळतच नाही. मशीन चांगलं आहे, तिच्या शाखेसाठी नाही, एवढंच.

विंडोज घेतानाही एक गोष्ट तपासाच. जून 2024 पासून बाजारात स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप आलेत. दुकानदार त्यांच्या बॅटरीचं कौतुक करेल आणि ते खोटं नाही. पण तेही एआरएमच आहेत. विंडोज दिसलं म्हणून सगळं चालेल असं धरू नका. तिच्यासाठी इंटेल किंवा एएमडीच हवा. रॅम 16 जीबी, एसएसडी 512 जीबी, आणि रॅमचा एखादा स्लॉट मोकळा असेल तर फारच छान, कारण चौथ्या वर्षी अ‍ॅन्सिस चालवताना ती वाढवता येईल. 70 हजारांत वेगळं ग्राफिक्स कार्ड बसत असेल तर घ्या, पण त्यासाठी रॅम 8 वर आणू नका. विद्यार्थ्यांची साधी पार्ट-ड्रॉइंग्ज आतल्या ग्राफिक्सवरही होतात, रॅम कमी पडली की मात्र सगळंच अडखळतं. स्वस्तात दिसणारा डॉसचा (विंडोज न टाकता विकलेला) लॅपटॉप घेऊ नका, त्यात विंडोजचा खर्च नंतर वेगळा येतो. दुरुस्ती तुमच्या कराडातच होते की मशीन पुण्याला पाठवावं लागतं, हेही पैसे देण्याआधी विचारा.

सॉलिडवर्क्सची एक खोच आहे, ती सहसा कोणी आधी सांगत नाही. नव्या आवृत्तीत केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. 2024 च्या आवृत्तीपासून मागच्या दोन आवृत्त्यांपर्यंत सेव्ह करायची सोय आली, पण लॅबमधली आवृत्ती त्याहून जुनी असेल तर तीही कामाची नाही. म्हणून कॉलेज सुरू झालं की तिला लॅब असिस्टंटकडून आवृत्तीचं वर्ष विचारून घ्यायला सांगा आणि घरी तेच बसवा. विद्यार्थी परवाना कॉलेजमार्फत मिळतो का, हेही तिथेच कळेल. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट मिळतात आणि दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं.

शेजारच्या सरांचं म्हणणं मी अजिबात टाकून देत नाही. मेकॅनिकलमध्येही लिनक्सचं मोठं स्थान आहे. द्रवांच्या प्रवाहाचं गणित करणारं ओपनफोम मुळात लिनक्सचंच आहे आणि ते खुलं आहे. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प ओपनफोम, सायलॅब अशा खुल्या सॉफ्टवेअरचा प्रसार करतो. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतही आहेत, लिनक्स आणि लिब्रेऑफिसपासून सुरुवात करता येते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी हे धडे आवर्जून बघायला सांगतो. पण यासाठी तिच्या लॅपटॉपवरून विंडोज काढायची गरज नाही. विंडोज 11 च्या आतच डब्ल्यूएसएल नावाने लिनक्स बसवता येतं, आणि ओपनफोम त्यात चालतं. कोणी डिस्कचे भाग पाडून दोन्ही सिस्टिम टाकायला सांगितलं तर आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की लिहून ठेवा. आजकाल बऱ्याच नव्या लॅपटॉपची डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते, आणि ही किल्ली नसेल तर आतल्या फाइली परत मिळत नाहीत.

तुमच्या दुकानाचं लवकर आटपतो. टॅली प्राइम विंडोजचं आहे, तिथे प्रश्न मिटतो. जीएसटीचं पोर्टल कुठल्याही ब्राउझरवर उघडतं, पण डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरत असाल तर तोही विंडोजवरच कमी कटकटीचा. फक्त डेस्कटॉपवर विंडोज 10 असेल तर लक्ष द्या. त्याचा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मशीन विंडोज 11 ला पात्र असेल तर वर चढवा, आणि त्याआधी टॅलीच्या डेटाचा बॅकअप वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या.

आता जुना लॅपटॉप. तुम्ही दिलेल्या माहितीप्रमाणे तो सहाव्या पिढीचा आय 3 आहे, 4 जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क. विंडोज 11 साठी इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, त्यामुळे तो त्यात बसत नाही. आडमार्गाने बसवून देणारे भेटतील, पण बँकेचं काम ज्या मशीनवर होणार तिथे ते नको. हे मशीन भंगारात मात्र देऊ नका. हार्ड डिस्क काढून 256 जीबीची एसएसडी बसवा, रॅम 8 करा आणि लिनक्स मिंट टाका. फरक सर्वात जास्त एसएसडीने पडतो. ईमेल, यूट्यूब, बँक, लिब्रेऑफिसमध्ये लेख, हे सगळं त्यावर आरामात होईल आणि सुरक्षा अपडेट येत राहतील.

वहिनींच्या मराठीचा भाग तुम्ही प्रश्नात एका ओळीत उरकलात, पण माझ्या मते घरातलं सगळ्यात जपण्यासारखं काम तेच आहे. दहा वर्षांचे अंक जुन्या फॉण्टमध्ये आहेत, असं तुम्ही लिहिलंय. त्या फॉण्टमध्ये मजकूर मुळात इंग्रजी अक्षरं म्हणून साठवलेला असतो, फॉण्ट फक्त त्याला देवनागरीचं रूप देतो. फॉण्ट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली की अर्थहीन रोमन अक्षरं दिसतात, आणि त्यात एखादं नाव शोधायचं म्हटलं तर सापडत नाही. म्हणजे विंडोजशी बांधून ठेवतोय तो हा फॉण्ट. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक संकेतात, आला की तो विंडोज, मॅक, लिनक्स आणि फोन, सगळीकडे सारखाच दिसतो.

टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिन्ही सिस्टिममध्ये आधीपासून असतो, विकत काही घ्यावं लागत नाही. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, अशी त्याची मांडणी आहे. ऱ्या, ऱ्हा यासाठी शिफ्टसह जे दाबून ऱ येतो आणि ळ शिफ्टसह एनवर आहे. वहिनींचा हात टाइपरायटरच्या रेमिंग्टनवर बसला असेल तर तो बदलण्याची सक्ती करू नका, रेमिंग्टन मांडणीतूनही युनिकोड टाइप करता येतं. उच्चारानुसार लिहायची सवय असेल तर लिनक्सच्या आयबस या टायपिंगच्या साधनात गमभन पद्धतही मिळते.

एक अडचण छापखान्याची. तिथे पानं लावायला अजून पेजमेकर वापरत असतील तर त्यात युनिकोड चालत नाही, त्यांना मजकूर उलटा जुन्या फॉण्टमध्ये बदलून घ्यावा लागेल. इनडिझाइन असेल तर वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला की जोडाक्षरं नीट येतात. यंदाचा अंक सुरू करण्याआधी त्यांच्याशी बोलून घ्या आणि एका पानाची चाचणी करा.

जुने अंक बदलताना मूळ फाइली कधीच पुसू नका. आधी विंडोजवर, जिथे तो फॉण्ट आहे तिथे, प्रत्येक अंकाची पीडीएफ करून ठेवा, म्हणजे पुढे ताडून बघायला मूळ रूप हाताशी राहील. मग एकेक लेख कन्व्हर्टरमधून काढा. चुका ठरावीक जागी होतात: रफार पुढच्या-मागच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी सरकते, कारण जुन्या फॉण्टमध्ये ती अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये नंतर. काही जोडाक्षरं तुटतात. वहिनींनी पीडीएफ शेजारी ठेवून एकदा वाचलं की पकडता येतं. फॉण्टचं नेमकं नाव आणि एका पानाची मूळ फाइल इथे टाका, कुठला कन्व्हर्टर लागेल ते मी बघून सांगतो.